सदऱ्याची कॉलर

राजाच्या मनमानी करांविरुद्ध पार्लमेंटात उभा राहिला म्हणून गिडियन लंडनच्या किल्ल्यातल्या कोठडीत कैद होता. उद्या शिरच्छेद, माफी मागितली तर आजच सुटका. त्याची बायको थॉमसिन आशेनं नवा सदरा शिवून घेऊन आली, खळ घातलेल्या कडक कॉलरचा. “अहो, सभागृहात तासन्‌तास बोलायचात. आता ‘चुकलो’ एवढं म्हणायला जीभ झिजते का?” “तेवढंच जमत नाही गं.” त्यानं सदरा हातात घेतला. “सुरेख झालाय. फक्त कॉलर काढ. उद्या कुऱ्हाडीच्या आड येईल.” कात्री पहारेकऱ्यानं दारातच ठेवून घेतली होती. थॉमसिन दातांनी टाके तोडू लागली. घरी रोज संध्याकाळी तो स्तोत्राची ओळ सांगायचा, मागून ती गायची. आत्ताही त्यानं ओळ सांगितली. तिच्या दातांत दोरा होता. शेवटचा टाका तुटेपर्यंत गिडियन तिच्या आवाजाची वाट पाहत बसून राहिला.