सात सेकंद

त्या चौघांच्या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं सात सेकंद गप्प होतात. या शांततेवर आजवर दोघांनी पीएचडी केली आहे.

रेडिओवर मुलाखत घेणाऱ्या बाईंनीही तोच प्रश्न विचारला. गायक म्हणाला, ती युद्धात गेलेल्यांना श्रद्धांजली होती. गिटारवाल्याने सांगितलं, तेव्हा स्टुडिओतली वीज गेली होती. ड्रमर म्हणाला, मला शिंक आली होती. गेली चाळीस वर्षं हे तिघं दर मुलाखतीत नवी थाप मारत आले होते. बेस गिटारवाला नेहमीप्रमाणे खाली मान घालून चष्मा पुसत राहिला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मात्र तो अडून बसला.

"पुरे झालं आता. रेकॉर्डिंगच्या वेळी मी पुढचं विसरलो, आणि मी एकटा उघडा पडू नये म्हणून तुम्ही तिघंही थांबलात. पुढच्या मुलाखतीत मी हे सांगून टाकणार. सत्तरी आली, आता कसली लाज?"

"सांग की," ड्रमर म्हणाला. "पण मग शनिवारच्या कार्यक्रमाचं काय सांगशील?"

"त्याचं काय? गाण्यात सात सेकंद थांबायचंच असतं, तसे थांबलो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गायकाने बेसची जड पेटी त्याच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"शनिवारी तुला अकरा लागले, राजा," तो म्हणाला. "लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."