मोज्यातला हात

“तुझं नाव काय गं?” बालवाडीच्या बाईंनी विचारलं आणि आईने झटकन नाव सांगून टाकलं.

“मी तिला विचारलं होतं,” बाई हसून म्हणाल्या.

आईने जीभ चावली. मध्ये बोलायचं नाही, असं येताना स्वतःला दहादा बजावलं होतं हो! पण करणार काय? पोरगी चार वर्षांची झाली. कान ठणठणीत, समजतं सगळं. एकटी असली की भिंतीशी कुजबुजते, आणि माणसं दिसली की तोंडाला कुलूप. आज बोलली नाही तर प्रवेश पुढच्या वर्षावर जाणार होता. बाहेर बाकावर बाबा घड्याळ बघत बसले होते, ते वेगळंच.

बाईंनी जुन्या मोज्याची बाहुली काढली. बटणांचे दोन डोळे, त्यातला एक लोंबणारा.

“हा गोंधळ्या. याला कशातलं काही कळत नाही. आता तुम्ही टेबलामागे बसा आणि याला हातात घाला. म्हणजे तुम्हालाही काही कळत नाही, बरं का!”

आई टेबलामागे उकिडवी बसली. गोंधळ्याने पोरीचा काढून ठेवलेला बूट उचलून डोक्यावर ठेवला.

“बघ माझी नवी टोपी!”

‘अगं सांग ना, बूट म्हण!’ अगदी ओठांवर आलं होतं, ते आईने कसंबसं गिळलं. हात भरून आला. मेलं हे भिंतीवरचं घड्याळ तरी किती वाजतं!

टेबलापलीकडे पावलं वाजली.

“वेडा आहेस का? बूट आहे तो.”

आईने बाईंकडे पाहिलं. दाराशी उभ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

पोरीने गोंधळ्याला जवळ ओढलं आणि त्याच्या कानाशी लागली. “मी बोलले ते आईला सांगू नको हां. माझं चुकलं की ती रडते.”

आईने मोकळ्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. रडायची सोयच उरली नव्हती.

“नाही सांगणार,” गोंधळ्या म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून बाबांनी डोकं आत घातलं. “काय, बोलली का?”

पोरीने दचकून गोंधळ्याकडे पाहिलं.

आई टेबलामागून उठली. डोळे कोरडे, हातात अजून मोजा.

“मला कुठे काय माहीत!” ती म्हणाली.