अर्धा मुहूर्त

काम पूर्ण झाल्याशिवाय ते लोकांपुढे ठेवू नये, हे शिरगोपीकर सरांच्या गेम कंपनीचं ब्रीद होतं. ते भिंतीवर रंगवायलाही घेतलं होतं. ‘लोकांपुढे’पर्यंत येऊन राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी झाडून सगळ्या कॉम्प्युटरांना झेंडूचे हार होते. खेळून चुका शोधणं हे शाल्मलीचं काम. तिने सरांना शेवटचं दाखवलं, की गेममधला मावळा गड झोकात चढतो, पण उतरत नाही. वर पोचला की जागच्या जागी पळत राहतो.

“अगं, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे आज. गेम बाजारात सोडून टाकू. उतरायचं नंतर अपडेटमध्ये देऊ.”

“मागच्या गेमलाही हेच म्हणालात, सर. लोकांनी विकत घेतला आणि आपल्याला शिव्या घातल्या. त्यात माझी आईसुद्धा होती.”

“मग काय, मुहूर्त घालवू?”

“दिवाळीच्या पाडव्याला सोडा. मुहूर्त अर्धा असला, तरी गेम पूर्ण असेल.”

सरांनी मुहूर्तासाठी आणलेला नारळ उचलला. मग त्यांनी तो फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि गेम पुढे ढकलला. कंपनीत असं प्रथमच घडत होतं. शाल्मलीने आनंदाने दोनदा खोबरं घेतलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सर स्वतःहून तिच्या टेबलाशी आले.

“तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू या,” ते म्हणाले. “घाई नको.”

मावळा आता गड सराईतासारखा उतरत होता. फक्त चढत नव्हता.