डोंगरसिंग नायकाचं तोंड

तोंड बापावर गेलंय एवढं एकदा ठरलं, की देवसिंगचा बराच फायदा होता. तांड्याचं नायकपण मिळणार होतं. म्हणजे होळीचा पहिला गुलाल, लग्नातली पहिली पंगत, आणि निंबाखालच्या ओट्यावर तो बसेपर्यंत बाकीच्यांनी उभं राहायचं. पगडी त्यानं यवतमाळहून आधीच आणून ठेवली होती. स्वतःच्या डोक्याच्या मापाची.

नायकाचं काम इतकी वर्षं म्हातारा धावजी बघत होता. आता त्याचे गुडघे थकले. "ज्याच्यात डोंगरसिंग दिसल, त्याले देऊ," तो म्हणाला. डोंगरसिंग म्हणजे आधीचा नायक, देवसिंगचा बाप. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, आणि हयातीत तो फोटोला म्हणून कधी उभा राहिला नव्हता. मतदानाच्या कार्डावर एक काळा डाग तेवढा होता. त्या डागावर देवसिंग आणि धाकटा प्रेमसिंग, दोघेही सारखेच गेले होते.

देवसिंगची पोरगी अंजू चित्रकला शिकायची. कॉलेजनं कामच तसं दिलं होतं: घरातल्या हरवलेल्या माणसाचा मुखवटा करा, मग तो मोबाइलमध्ये असा घाला की कोणाच्याही चेहऱ्यावर बसेल. अंजूनं एकेकाला वेगळं गाठून विचारलं.

"नाक असं. मधात उंच," देवसिंग म्हणाला, आणि आपलं नाक उजेडाकडे वळवलं.

"हनुवटी पाह्य. अशी," प्रेमसिंग म्हणाला. "समोरून नाही वं, बाजूनं पाह्य."

धावजीला काही मिळायचं नव्हतं, म्हणून तो खरं बोलला. "डोये. न्यावाच्या टायमाले ते डोये पाह्यले का मानूस आपसूक खरं सांगे."

अंजूनं कागदाचा लगदा केला, मैद्याची खळ शिजवली, आणि जसं सांगितलं तसं सगळं बसवलं. मिशीसाठी बकरीची दाढी कापली. बकरीला कोणी विचारलं नाही.

रविवारी मुखवटा ओट्यावर ठेवला. तांडा जमला. धावजीनं तो पाहिला आणि कोणी न सांगता चपला काढल्या.

"हेच," तो म्हणाला. "हेच ते डोये."

देवसिंगनं पगडीची पिशवी मांडीवर घेतली.

मुखवटा मोबाइलमध्येही घातलेला होता; तो कोणाला बसतो ते बघायला अंजूनं देवसिंगवर मोबाइल धरला. मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर आला. नाक चपखल बसलं, बाकी सगळं पाण्यावरल्या पानासारखं तरंगत राहिलं.

"बाबा, हालू नका."

"मी कायले हालतो? तुहा मोबाइल हालून राह्यला."

प्रेमसिंगची हनुवटी बसली, पण मिशी त्याच्या कपाळावर चढली. तांडा हसला. तेवढ्यात दोघांची आई, धुरपताबाई, बकरीचं दावं हातात घेऊन तरातरा आली.

"बकरीची दाढी कोनं कापली?"

अंजू दचकून वळली, तसा मोबाइलही वळला. तिनं त्यात पाहिलं आणि पाहतच राहिली. आजीच्या चेहऱ्यात काही बदललंच नव्हतं. मिशी तेवढी आली होती.

शेजारची चंदाबाई वाकून बघत होती. "अवं माय," ती ओरडली, "हे तं धुरपता याडी हाये!"

देवसिंगनं आपलं नाक चाचपलं. प्रेमसिंगनं हनुवटी. मग दोघांनी आपल्या याडीकडे, म्हणजे आईकडे पाहिलं.

"मशीन चुकली," देवसिंग म्हणाला.

"काहून चुकल? नाक तुनंच सांगतलं ना?" धुरपताबाई म्हणाली. "ते माह्या बापाचं हाये. हनुवटी माह्या मायची. तुह्या बापाले होतं का असं नाक?"

दोघं एकमेकांचं नाक बघायला लागले.

"पन धावजी आजा, डोळे तर तुम्ही सांगितले," अंजू म्हणाली.

धावजी डोकं खाजवायला लागला. "खोटं नाही सांगतलं, पोरी. न्याव द्याच्या आधी डोंगरसिंग दाराकडे पाहे. मंग आमी बी दाराकडेच पाहो. दारात हे उभी राहे, ओढनी घेऊन. दोन डोयेच दिसत."

"ते बसल्या बसल्या झोपत," धुरपताबाई म्हणाली. "मी खोकलली का जागे होत."

धावजी उठला. देवसिंगच्या मांडीवरून पिशवी उचलली आणि पगडी धुरपताबाईच्या डोक्यावर ठेवली. देवसिंगच्या मापाची पगडी तिला जराही सैल झाली नाही. ती ओट्यावर जाऊन बसली. ती बसेपर्यंत बाकीचे उभे राहिले.

तिनं मुखवटा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"कान इसरली तू, अंजू. त्याईचं पाह्यासारखं काही होतं, तं ते कानच. कोनाचं बी असो, पुरं आयकत. मंग झोपत."

"कसे होते कान, दादी? कोणासारखे?"

धुरपताबाईनं देवसिंगला जवळ बोलावलं, त्याचा कान धरून पाहिला. मग प्रेमसिंगचा. मग सगळ्या तांड्यावरून नजर फिरवली.

"इथं नाहीत," ती म्हणाली.

तर शेवटी हिशेब असा निघाला. देवसिंगची पगडी गेली. नायक मीच, अशा भरवशावर प्रेमसिंगनं सगळ्यांना चहा सांगून ठेवला होता, तो त्याच्याच अंगावर पडला. बकरीनं दाढी दिली. आणि डोंगरसिंगनं अख्खं तोंड बायकोला दिलं, दोन कान तेवढे स्वतःजवळ ठेवून घेतले.