विनंतीचा काळ

“‘झ व्ह’ म्हणजे ‘मला पाहिजे’. असं मागाल तर लोक पाणी देतील, पण कपाळाला आठ्या घालून,” फ्रेंच शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या. “म्हणून ‘झ वुद्रे’ म्हणायचं. मिळालं तर बरं होईल, अशा अर्थी.”

पहिल्या बाकावरच्या मास्तरांनी ते वहीत टिपून घेतले. उभा जन्म व्याकरण शिकविण्यात गेलेला. गप्प राहणे त्यांना जमेना.

“बाई, आपल्याकडे यासाठी भूतकाळ योजतात. ‘जरा पाणी हवं होतं.’ तहान आत्ताची, क्रियापद मात्र कालचं.”

“ते का बरं?”

“समोरच्याला नाही म्हणताना अवघड वाटू नये म्हणून.”

“मास्तर, तोवर माणूस तहानेनं जायचा!” मागच्या बाकावरची नर्स म्हणाली. वर्ग हसला, मास्तरही हसले.

मग बाईंनी प्रत्येकाला आपापली इच्छा सांगायला लावली. नर्सने कॉफी मागितली. तिच्या शेजारच्या आचाऱ्याने खिडकीजवळची जागा मागितली. मास्तर उठले आणि वहीत आधीच लिहून ठेवलेले मराठी वाक्य त्यांनी बाईंपुढे धरले : ‘मला काही दिवस तुमच्याकडे येऊन राहायला आवडेल.’

“हे कुणाला म्हणायचंय?”

“सूनबाईंना. त्यांना आपली भाषा येत नाही. आणि घर त्यांचं. विचारायचं ते त्यांनाच.”

बाईंनी वाक्य फ्रेंचमध्ये लिहून दिले. तास संपल्यावर त्या थांबल्या आणि मास्तरांकडून ते सात वेळा म्हणवून घेतले. सातव्या वेळी त्या नुसत्याच मान हलवून हसल्या.

रविवारी सकाळी मास्तरांनी धुतलेला सदरा घातला, केस विंचरले, जणू कोणी पाहणारच होते. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. तिच्यावर वही उघडी ठेवून त्यांनी फोन लावला. पलीकडे सूनबाईच होत्या.

“झ वुद्रे...”

सूनबाईंना इतका हर्ष झाला की पुढचा शब्द यायच्या आतच त्यांनी नवऱ्याला हाका मारायला सुरुवात केली.

“बाबा, तुम्ही चक्क फ्रेंच!” मुलगा म्हणाला. “ही तर इथे नाचायचीच बाकी आहे. बोला, काय म्हणता?”

पोटच्या मुलाशी परकी भाषा काय बोलायची? मास्तरांनी वहीवरची नजर काढली.

“काही नाही रे. जरा तिकडे यायचं होतं. तुमच्याकडे. थोडे दिवस.”

“यायचं होतं? अहो, मग तेव्हाच नाही का बोलायचं! अख्खी सुटी आम्ही घरीच होतो. बरं, पुढच्या वेळी आधी कळवा हं.”

मास्तरांचे ओठ हलले. काळ दुरुस्त करावा, असे त्यांच्या मनात आले.

“हो, हो. कळवीन.”

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. मग वही उचलली आणि ते फ्रेंच वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने म्हटले. पुन्हा एकदा म्हटले. उच्चार साधला की चुकला, हे सांगायला खोलीत कोणी नव्हते.