समोरची भिंत

"वहिनी, सगळ्यात मोठा बॅटरी पॅक बसवलाय. गाडी बंद असली तरी डॅशकॅम चालूच राहील," धाकटा दीर म्हणाला.

नवरा गेल्यापासून गाडी कुणी बाहेर काढलीच नव्हती. दोघांच्या शेवटच्या फेरीचं रेकॉर्डिंग तेवढं कॅमेऱ्यात होतं. सिग्नलवरची त्याची चिडचिड, मग "अगं, पुढे चहा घेऊ या." ते ऐकायला ती रोज गाडीत जाऊन बसायची, तेवढ्यापुरता कॅमेरा चालू करायची. जुना पॅक निकामी झाला आणि तो आवाजही थांबला.

वर्षश्राद्धाचे पाहुणे आठवड्याने गेले, तेव्हाच ती खाली आली. कॅमेऱ्यात फक्त पार्किंगची भिंत होती. सकाळची, दुपारची, रात्रीची. मेमरी कार्ड भरलं की जुनं पुसून नवं भरत जातं, हे तिच्या किंवा दिराच्या लक्षात आलं नव्हतं.

फोन वाजला. "वहिनी, पॅक टिकतोय ना?"

"हो," ती म्हणाली. "एकदाही बंद पडला नाही."