दगडाची साक्ष

बेट थोरल्या घराचं की धाकट्याचं, यावरून दोन चुलत भावांत वीस वर्षं हाडवैर. शेवटी तिथल्या खडकावरचा जुना लेख वाचायला मला नेलं. होडीत दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले आणि सगळा राग नावाड्यावर काढत राहिले. "नीट वल्हव रे! पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच होड्या वल्हवताय, अजून जमत नाही?"

ब्रशने शेवाळ काढून मी मोठ्याने वाचलं, "हे बेट आमच्या नावाड्याला आणि त्याच्या वंशाला दिलं आहे. पुढे कोणी हरकत घेऊ नये."

थोरला माझ्या अंगावरच आला. "अक्षरं झिजलीत, काही लागत नाही, असं लिहा. नाहीतर इथेच राहाल."

"दादा म्हणतो तसंच लिहा," धाकटा म्हणाला. वीस वर्षांत त्याच्या तोंडून 'दादा' पहिल्यांदाच निघालं असावं.

मी मुकाट्याने तसं लिहिलं. खाली सहीसुद्धा ठोकली. वळून बघतो, तर होडी बरीच लांब गेलेली.

"मला वाचता येत नाही, मालक," वल्हं मारता मारता नावाडी ओरडला. "ऐकू मात्र चांगलं येतं."